काकांनी दिलेल्या 1986 च्या लिबर्टी सिल्व्हर डॉलरची आज किती किंमत येईल? डबी आणि सर्टिफिकेट दोन्ही आहे.

चांदीची जेवढी होईल तेवढी, फार तर किंचित वर. खरं तर इथेच थांबायला हवं, पण "डबी आणि सर्टिफिकेट दोन्ही आहे" हे वाचलं आणि मला आमचे भावोजी आठवले.

भावोजी न्यू जर्सीत राहतात. 1984 चा ऑलिंपिकचा डॉलर, 1986 चा लिबर्टी, 1987 चा राज्यघटनेचा, 1990 चा आयझेनहॉवरचा, मिंटचं (अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं) पत्रक घरी आलं की ऑर्डर गेलीच. ताई म्हणायची त्यापेक्षा वळी घ्या, तर म्हणे तुम्हाला कळत नाही, लिमिटेड एडिशन आहे. मी एकदा जेवताना विचारलं की लिमिट कितीचं, तर ताटावरून उठेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. अहो लिबर्टीची नुसती प्रूफ (आरशासारखी चकचकीत, जमवणाऱ्यांसाठी पाडलेली) नाणी 64 लाख खपलीत! आणि त्या किमतीत लिबर्टीच्या पुतळ्याच्या नि जवळच्या एलिस बेटाच्या डागडुजीसाठी 7 डॉलर देणगी धरलेली होती, ती दिली म्हणजे गेली, पुढचा गिऱ्हाईक ती कशाला भरून देईल?

मोठं घर विकायला काढलं तेव्हा ताईने मला त्यांच्याबरोबर डीलरकडे पाठवलं. त्याने मखमली डब्या उघडून नाणी कॅप्सूलसकट बाहेर काढली, सर्टिफिकेटं न वाचता खालच्या खोक्यात टाकली, नाणी मोजली आणि चांदीचा भाव बघून आकडा सांगितला. भावोजी एकेक सर्टिफिकेट उचलून परत काउंटरवर ठेवतायत आणि तो बिचारा हसत हसत परत खाली टाकतोय. गाडीत बसल्यावर म्हणे, त्याला पारख नाही.

पारख कसली, साधा हिशोब आहे. ज्या नाण्यांवर लोक तुटून पडले ती आज घरोघरी पडून आहेत, आणि जी कुणी घेतली नाहीत त्यांना भाव आलाय. अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी मिंटने 1995-96 मध्ये इतकी डिझाइनं काढली की कलेक्टर वैतागले, त्यातला 1996 चा पॅरालिंपिक डॉलर प्रूफ नसलेला, डी मार्कचा (म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीचा), जेमतेम साडेचौदा हजार खपला. तसलं काही काकांकडे असेल तर बघा. भावोजींनी नेमकी तीच वर्षं सोडली होती.

तुमच्या नाण्यात शुद्ध चांदी साधारण 24 ग्रॅम, आजच्या भावाने गुणा. चिंच-मीठ, टूथपेस्ट काही लावू नका, प्रूफचा आरसा एकदा चरे पडून गेला की गेला. सराफाकडे नेलंत तर 90 टक्के चांदी म्हणून तो घट धरणार, त्यापेक्षा नाणी जमवणाऱ्यालाच द्या, आणि डबीही द्या, फुकट असली तरी बरी दिसते.

हां, अपवाद आहेत. 2001 चा बफेलो डॉलर 5 लाख निघाले, झटपट संपले, तरी आजही चांदीच्या बऱ्याच वर विकला जातो, कारण डिझाइनच लोकांचं लाडकं. आणि 2007 पासूनचे पिवळे प्रेसिडेंट डॉलर सोन्याचे नाहीत, एक डॉलरला एक डॉलर. फक्त कडेवरची अक्षरं उमटायची राहून गेलेले काही वॉशिंग्टनचे डॉलर बाहेर पडले होते, त्यांना जास्त मिळतात. भावोजींकडे त्याचेही रोल निघाले, मीच बसून तपासले. सगळ्यांवर अक्षरं आहेत.