हिब्रू शब्दांचे अंक: आधी स्पेलिंग बघा, मग बेरीज करा

तुमचे प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंक असतो आणि शब्दातल्या अक्षरांच्या बेरजेला गेमात्रिया म्हणतात. एका व्हिडिओत 'आहावा' (प्रेम) आणि 'एखाद' (एक) या दोन्ही हिब्रू शब्दांची बेरीज १३ येते, आणि दोन्ही मिळून देवाच्या नावाचे २६ होतात, असं दाखवलंय. ते खरं का? ६६६ची नक्की भानगड काय? शिवाय तुम्ही वहीत टिपलंय की 'शालोम'चा अंक ७९६५, त्याची बेरीज २७, आणि नव्या करारातली पुस्तकंही २७. हिब्रू येत नसताना हा अभ्यास पुढे कसा न्यायचा?

वहीपासून सुरू करतो, कारण ते लगेच निस्तरता येईल. ७९६५ हा शालोमचा अंक नाहीच. जेम्स स्ट्राँग यांनी १८९०मध्ये जी शब्दसूची काढली, तिच्यातला तो अनुक्रमांक आहे. त्यांनी हिब्रू शब्द वर्णानुक्रमे लावले आणि शोधायला सोपं जावं म्हणून त्यांना १पासून ८६७४पर्यंत नंबर दिले. 'शिन' हे अक्षर शेवटून दुसरं, म्हणून शालोमचा नंबर मोठा, इतकंच. शालोमची अक्षरांची बेरीज ३७६ येते: शिन ३००, लामेद ३०, वाव ६, मेम ४०. व्हिडिओवाले हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. वहीतल्या त्या ओळीवर काट मारा.

आता मूळ पद्धत. हिब्रूत अक्षरं २२. आलेफ ते तेत म्हणजे १ ते ९, योद ते त्सादी १० ते ९०, मग कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. यात गूढ काही नाही, हिशेबाची आणि तारखांची ही रोजची रीत होती आणि अजूनही आहे. रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) लोकांच्या जुन्या कबरी पाहिल्यात तर मराठी मजकुराबरोबर अक्षरांत लिहिलेलं हिब्रू सालही दिसेल. ते वाचायची युक्ती सोपी आहे. हजाराचा आकडा बहुतेक वेळा गाळलेला असतो, त्यामुळे आलेल्या बेरजेत १२४० मिळवायचे. ताव-रेश-काफ-झायिन म्हणजे ४०० + २०० + २० + ७ = ६२७, अधिक १२४० = १८६७. पुण्याचं लाल देऊळ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पूर्ण झालं ते हे साल. (हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरायचा.)

१५ मात्र १० + ५ असे लिहीत नाहीत, कारण योद-हे ही देवाच्या नावातली अक्षरं. त्याऐवजी ९ + ६, म्हणजे तेत-वाव, उच्चार 'तू'. 'तू बिश्वात' या सणाच्या नावाचा अर्थच श्वात महिन्याची १५ तारीख. त्या दिवशी बेने इस्राएल मंडळी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) मलिद्याला, म्हणजे नैवेद्याच्या विधीला, जातात.

पण एक गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत. हिब्रू बायबलच्या मजकुरात संख्या अक्षरचिन्हांनी लिहिलेल्या नाहीत. सगळीकडे शब्दांत आहेत: सात, चाळीस, तीनशे अठरा. अक्षरांचे आकडे ठळकपणे दिसू लागतात ते हास्मोनी या ज्यू राजांच्या नाण्यांवर, म्हणजे इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत. म्हणून प्रत्येक बेरजेला मी आधी एकच विचारतो: हा अंक लिहिणाऱ्यानं ठेवलाय, की वाचणाऱ्यानं काढलाय?

लिहिणाऱ्यानं ठेवलेले अंक भरपूर आहेत, आणि ते शोधायला कॅल्क्युलेटर लागत नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं उत्पत्ति २१:२८-३१ काढा. अब्राहाम अबीमलेखासमोर सात कोकरी वेगळ्या ठेवतो, दोघे शपथ घेतात आणि त्या जागेचं नाव बैर-शेबा पडतं. हिब्रूत सात म्हणजे 'शेवा' आणि 'शपथ घेतली' म्हणजे 'निश्बा', दोन्हींत तीच तीन अक्षरं. म्हणजे ती सातांची विहीर आणि शपथेचीही, आणि कथा दोन्हीकडे बोट दाखवते. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात 'चांगले' (तोव) हा शब्द सात वेळा येतो. पहिल्या वचनात ७ शब्द, दुसऱ्यात १४. सात दिवसांच्या कथेत हे सहज झालं असेल असं मला वाटत नाही. स्तोत्र ११९ तर उघडच आहे: २२ अक्षरं, दर अक्षरानं सुरू होणारी ८ वचनं, एकूण १७६.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते यिर्मया २५:२६मधलं 'शेशख'. या नावाचं राज्य नकाशावर कुठेच नाही. वर्णमाला उलटी करून पहिल्या अक्षराजागी शेवटचं, दुसऱ्याजागी शेवटून दुसरं असं घालत गेलं की बेतचा शिन होतो आणि लामेदचा काफ. 'बाबेल' (बेत-बेत-लामेद) होतो 'शेशख' (शिन-शिन-काफ). या युक्तीला आतबाश म्हणतात. बाबेलच्या भीतीनं नाव लपवलं असं बरेचजण सांगतात, पण त्याच पुस्तकात ५१:४१मध्ये शेशख आणि बाबेल एकाच वचनात शेजारीशेजारी आहेत. लपवायचंच होतं तर असं कोण करेल?

वाचणाऱ्यांनी काढलेल्या अंकांचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ३१८. उत्पत्ति १४:१४मध्ये अब्राम आपल्या घरची ३१८ माणसं घेऊन लढायला निघतो. तालमुद या ज्यू धर्मग्रंथात रब्बी (धर्मपंडित) म्हणतात, ही ३१८ माणसं म्हणजे एकटा त्याचा नोकर अलियेजर, कारण आलेफ १, लामेद ३०, योद १०, आयिन ७०, झायिन ७, रेश २००, बेरीज ३१८. तेच ३१८ 'बर्नबाचं पत्र' या आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात ग्रीक अक्षरांत वाचलेत: ३०० म्हणजे ताऊ, क्रुसाचा आकार, आणि १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं. अंक एक, वचन एक, अर्थ दोन धर्मांचे दोन. दोन्ही वाचनं सुंदर आहेत, पण त्यातून अब्राहामाबद्दल कमी आणि ती करणाऱ्यांबद्दल जास्त कळतं.

मत्तयाचा पहिला अध्याय, म्हणजे येशूची वंशावळ, या दोहोंच्या मधे बसतो. तीनदा चौदा पिढ्या असं तो १:१७मध्ये स्वतः सांगतो, आणि तो आकडा जुळवायला योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे चक्क गाळतो. १४च का? दालेत-वाव-दालेत, ४ + ६ + ४, म्हणजे दावीद. मला हे पटतं. पण दावीद १४ भरतो तो शमुवेलाच्या पुस्तकांत सहसा दिसणाऱ्या स्पेलिंगनं. बायबलमधल्याच 'इतिहास' या नावाच्या पुस्तकांत त्याच नावात मधे योद घालतात आणि बेरीज २४ होते. स्पेलिंग बघायला मी का सांगतो ते यावरून ध्यानात येईल.

६६६चंही तेच. नव्या करारातलं प्रकटीकरण १३:१८ स्वतःच म्हणतं की श्वापदाच्या संख्येचा हिशेब करा, ही माणसाची संख्या आहे. नावाची संख्या काढायचा नाद तेव्हा सगळीकडे होता. पाँपेई या जुन्या रोमन शहरातल्या भिंतीवर कुणीतरी ग्रीकमध्ये खरडलंय की जिची संख्या ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. 'नेरोन केसर' (रोमन सम्राट नीरो) हिब्रू अक्षरांत लिहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. केसरमध्ये योद घातला तर ६७६ होतात, हा आक्षेप रास्त आहे. पण मृत समुद्राजवळ मुरब्बआतच्या गुहांत सापडलेल्या नीरोच्याच काळातल्या एका अरामी दस्तऐवजात योदविना लिहायची हीच धाटणी आहे. काही जुन्या प्रतींत ६६६ऐवजी ६१६ आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या एका पपायरसातही. लॅटिन पद्धतीनं 'नेरो' म्हटलं की शेवटचा नून जातो, बरोबर ५० कमी. दोन्ही आकडे एकाच नावानं सुटतात, म्हणून नीरो हे उत्तर मला सर्वांत भक्कम वाटतं. बारकोड, चिप, अमुक राष्ट्राध्यक्ष वगैरे सोडून द्या.

आता तुमचा व्हिडिओ. हिशेब बरोबर आहे. आहावा: १ + ५ + २ + ५. एखाद: १ + ८ + ४. देवाचं नाव: १० + ५ + ६ + ५. पण 'देआगा' म्हणजे चिंता, तिचीही बेरीज ४ + १ + ३ + ५ = १३च. मग प्रेम आणि चिंता मिळून देव, असा व्हिडिओ कुणी का काढत नाही? जुळलेलं दाखवतात, न जुळलेलं गाळतात. आपल्याकडेही बघा: कटपयादी या अक्षरांना अंक देणाऱ्या पद्धतीत 'जय' म्हणजे ज ८, य १, उलटं वाचून १८, आणि महाभारताची पर्वं १८. हिब्रूत 'खाय' (जिवंत) म्हणजे ८ + १० = १८, म्हणून ज्यू लोक भेटीची रक्कम १८च्या पटीत देतात. दोन्ही आपापल्या जागी अर्थपूर्ण आहेत. त्यावरून व्यास आणि मोशे यांचा संबंध जोडायला निघालात तर तुम्हीच जबाबदार.

मिश्ना या जुन्या ज्यू ग्रंथातल्या आवोत या भागात रब्बी एलाझार बेन हिस्मा यांचं वचन आहे, की गेमात्रिया वगैरे गोष्टी ज्ञानाची तोंडीलावणी आहेत. माझंही मत तेच. चटणी हवीच, पण ताटात आधी भात पडू दे.

'बायबल कोड'वाल्यांकडे फिरकू नका. ठराविक अंतरावरची अक्षरं उचलून भविष्य काढणारा तो प्रकार. १९९४मध्ये 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या नियतकालिकात त्यावर निबंध आला, आणि १९९९मध्ये तिथेच त्याचं खंडनही छापलं गेलं. 'वॉर अँड पीस'च्या हिब्रू भाषांतरातही तसलीच जुळणी काढून दाखवता येते.

सुरुवात लिपीपासून करा. २२ अक्षरं फार वेळ घेत नाहीत, आणि ती आल्याशिवाय दुसऱ्यानं केलेली बेरीज तपासताच येत नाही. हिब्रू मजकूर सेफारिया या संकेतस्थळावर फुकट आहे. स्ट्राँगचा नंबर फक्त शब्दापर्यंत पोचायला वापरा, आणि पोचलात की तो शब्द आणखी कुठे-कुठे येतो ती वचनं मराठी बायबलात काढून वाचा. शब्दाचा अर्थ त्या वचनांतून कळतो. 'आलेफ म्हणजे बैल, बेत म्हणजे घर' असं अक्षर फोडून अर्थ लावणारे तक्ते बाजूला ठेवा. मराठीतून हिब्रू शिकण्याचा प्रयत्न नवा नाही, मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीत हिब्रू व्याकरण छापलं ते १८३२मध्ये.

पहिला सराव म्हणून यिर्मया ५१:१ घ्या. तिथलं 'लेव कामाय' हे नाव आतबाशनं उलटवा आणि कोणत्या लोकांचं नाव निघतं ते इथे लिहा. शब्द विचाराल तेव्हा त्याचं स्पेलिंग योद-वावसकट द्या, नुसत्या उच्चारावरून कुणालाच बेरीज तपासता येणार नाही.