वाचकांचे प्रश्न : जागतिक नेत्यांच्या परिषदा आणि आपण

राष्ट्रप्रमुख आणि उद्योगपती एकत्र येतात अशा आंतरराष्ट्रीय परिषदांविषयी आमच्या गोव्यातील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : दावोस, जी-२० आणि ब्रिक्स ही नावे बातम्यांत एका दमात घेतली जातात. ही सगळी एकाच प्रकारची व्यासपीठे आहेत का? तेथे जे ठरते ते आपल्या सरकारवर बंधनकारक असते का? (एक निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : दावोसच्या परिषदेत जे बोलले जाते ते कोणत्याही सरकारवर बंधनकारक नसते. तेथे सरकारांना बांधणारा ठराव मांडला जात नाही आणि मतदानही होत नाही. स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर असलेल्या या गावात वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम या संस्थेची वार्षिक बैठक भरते. क्लाउस श्वाब यांनी १९७१ मध्ये ती 'युरोपियन मॅनेजमेंट फोरम' या नावाने सुरू केली, तेव्हा युरोपातील कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना व्यवस्थापनाच्या अमेरिकी पद्धतींची ओळख करून देणे, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता. राजकीय नेत्यांना १९७४ पासून बोलावले जाऊ लागले आणि सध्याचे नाव १९८७ मध्ये आले.

जी-२० हा मात्र जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या सरकारांचा गट आहे. आशियातील आर्थिक संकटानंतर १९९९ मध्ये अर्थमंत्र्यांच्या बैठकीने त्याची सुरुवात झाली आणि २००८ च्या जागतिक मंदीत राष्ट्रप्रमुख स्वतः वॉशिंग्टनला जमले. या गटाला स्वतःचे कायमचे सचिवालय नाही आणि त्याची घोषणापत्रे म्हणजे कायदाही नव्हे. तरीही त्यांच्यामागे सरकारांचा शब्द असतो आणि तो पाळला गेला की नाही, हे विचारता येते. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या ब्रिक्स या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. २०१४ मध्ये ब्राझीलमधील फोर्टालेझा येथे झालेल्या करारातून न्यू डेव्हलपमेंट बँक उभी राहिली असून तिचे मुख्यालय शांघायला आहे. बंधनाचा प्रश्न तपासायचा असेल, तर मंचावर कोण होते यापेक्षा कागदावर सही कोणाची आहे आणि तो कागद कोणत्या दर्जाचा आहे, हे आधी पाहावे.

प्रश्न : दावोसला जाण्यासाठी निवड कशी होते, खर्च कोण करते आणि तेथे प्रत्यक्षात चालते तरी काय? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर : संस्थेचा मुख्य आधार म्हणजे जगातील सुमारे हजार मोठ्या कंपन्या. त्या वार्षिक वर्गणी भरतात आणि त्यांचे प्रमुख बैठकीला येतात. राष्ट्रप्रमुख, मंत्री, आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रमुख, अभ्यासक आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी निमंत्रणावरून जातात. सुमारे अकरा हजार वस्तीच्या या गावात त्या आठवड्यात तीन हजारांच्या आसपास प्रतिनिधी असतात आणि बंदोबस्तासाठी स्विस लष्कराचे पाच हजारांपर्यंत जवान तैनात करण्याची मुभा असते.

परिषदेच्या मुख्य सभागृहात शिरायला गळ्यात ओळखपत्र लागते आणि त्याच्या रंगावरून कोणाला कुठवर जाता येईल ते ठरते. पूर्ण प्रवेशाचे ओळखपत्र पांढरे असते. बाहेरच्या 'प्रोमेनाड' या मुख्य रस्त्यावरची दुकाने त्या आठवड्यापुरती कंपन्या आणि सरकारे भाड्याने घेतात. भारताचे आणि आपल्या काही राज्यांचे कक्ष याच रस्त्यावर असतात. आपल्या वाहिन्यांवर दिसणाऱ्या सह्या आणि छायाचित्रे बहुतेक वेळा तेथली असतात, मुख्य सभागृहातली नसतात.

खरे काम होते ते लहान खोल्यांतल्या भेटींत. ग्रीस आणि तुर्कस्तान युद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन आले होते, त्यानंतर दोन्ही पंतप्रधानांनी १९८८ मध्ये दावोसला एकत्र निवेदन काढले. १९९२ मध्ये नेल्सन मंडेला आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क दक्षिण आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा एका व्यासपीठावर आले, तेही येथेच. मुलांच्या लसीकरणासाठी निधी उभारणाऱ्या 'गावी' या संस्थेची घोषणा २००० साली याच बैठकीत झाली. पुढे तिच्याच साहाय्याने भारतात पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस आली. २०११ च्या अखेरीस ती केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली आणि त्यानंतर ज्या राज्यांत पोहोचली त्यांत गोवाही होता. दावोसमधल्या चर्चेचा धागा आपल्या आरोग्य केंद्रापर्यंत कसा येतो, याचे हे उदाहरण आम्हाला मोलाचे वाटते.

प्रश्न : आमच्या भागात मोठ्या परिषदा झाल्या. त्या दिवसांत रस्ते चकाचक झाले, वाहतूक अडवली गेली, आम्हाला लांबचे वळसे घ्यावे लागले. या सगळ्यातून नेमके निष्पन्न काय झाले? (एक वाचक, बाणावली)

उत्तर : ज्यांनी त्रास सोसला त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

गोव्याची या क्षेत्रातली ओळख १९८३ पासूनची आहे. त्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद नवी दिल्लीत भरली आणि मधले दोन दिवस इंदिरा गांधी यांनी पाहुण्यांना आग्वाद किल्ल्यापाशी आणले. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर त्यांत होत्या. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता, घटक राज्याचा दर्जा मिळायला आणखी साडेतीन वर्षे होती. अधिकाऱ्यांचा ताफा दूर ठेवून नेत्यांनी आपसांत मोकळेपणी बोलावे, ही राष्ट्रकुल परिषदेची जुनी रीत. अमेरिकेने ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर केलेले आक्रमण ताजे होते आणि त्यावरून सदस्यांत तीव्र मतभेद होते. तरीही आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयीचे एक निवेदन येथून निघाले आणि त्यावर गोव्याचे नाव आहे.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बाणावलीत ब्रिक्सची आठवी शिखर परिषद झाली, तेव्हा बिमस्टेक या बंगालच्या उपसागराच्या परिसरातील देशांच्या गटाच्या नेत्यांनाही बोलावले होते. २०२३ च्या मे महिन्यात तेथेच शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली आणि सुमारे बारा वर्षांनी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भारतात आले. त्या भेटीतून दोन देशांचे संबंध सुधारले नाहीत. अशा भेटींकडून तेवढी अपेक्षा धरणेही चूक आहे.

आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखी बैठक २२ जुलै २०२३ ची होती. भारताच्या अध्यक्षतेखाली जी-२० देशांचे ऊर्जामंत्री त्या दिवशी गोव्यात जमले होते. कोळसा, तेल यांसारख्या जीवाश्म इंधनांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर त्यांचे एकमत झाले नाही. अशा वेळी सर्वांचे एकत्रित निवेदन काढता येत नाही, त्याऐवजी फलनिष्पत्तीचा दस्तऐवज आणि अध्यक्षांचा सारांश प्रसिद्ध होतो. त्या दस्तऐवजात २९ परिच्छेद आहेत. त्यांपैकी २२ सर्वांना मान्य होते आणि उरलेले सात अध्यक्षांनी आपल्या जबाबदारीवर सारांश म्हणून लिहिले. बातम्यांत बैठक यशस्वी झाल्याचेही छापले गेले आणि ती फसल्याचेही. ते सात परिच्छेद जो वाचतो, त्याला जग ऊर्जेच्या प्रश्नावर कोठे अडले आहे हे स्वच्छ दिसते. समुद्राची पातळी वाढण्याची चिंता ज्या किनाऱ्याला आहे त्याच किनाऱ्यावर हे मतभेद नोंदले गेले, म्हणून गोमंतकीय वाचकाने तो दस्तऐवज मुळातून वाचावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

राहिला प्रश्न स्थानिक लाभाचा. हॉटेले, टॅक्सी व्यवसाय, खानपान सेवा यांना काम मिळते, पण ते काही दिवसांपुरते. रस्त्यांची कामे टिकली का, पाहुण्यांच्या मार्गाखेरीज गावातल्या आतल्या रस्त्यांनाही त्यांचा उपयोग झाला का आणि एकूण खर्च किती आला, ही माहिती ग्रामसभेत आणि माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. ती जरूर मागावी.

प्रश्न : दावोसला राज्य सरकारे लाखो कोटींचे करार करतात असे आपण वाचतो. हा पैसा खरोखर येतो का? (एक लघुउद्योजक, डिचोली)

उत्तर : तेथे बहुतांशी सामंजस्य करार होतात. सामंजस्य करार म्हणजे हेतूची लेखी नोंद. ती मोडली म्हणून सहसा न्यायालयात दाद मागता येत नाही. शेजारच्या महाराष्ट्राने २०२५ मध्ये दावोसला जाहीर केलेल्या करारांची एकूण रक्कम १५ लाख कोटी रुपयांहून अधिक होती आणि करार करणाऱ्यांत भारतीय उद्योगसमूहही मोठ्या संख्येने होते. करार परदेशी भूमीवर झाला म्हणून पैसा परदेशी ठरत नाही. प्रकल्पासाठी जमीन मिळाली का, पर्यावरण परवानगी आली का, वीज आणि पाणी यांची सोय झाली का आणि उत्पादन कधी सुरू झाले, या टप्प्यांवर पाठपुरावा केला तरच आकड्याला अर्थ येतो. तोवर अशा आकड्यांच्या भरवशावर आपला विस्तार बेतू नये आणि कर्जही काढू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न : काही श्रीमंत माणसे गुप्त बैठकीत बसून सगळ्या जगाचा कारभार ठरवतात, असे संदेश मोबाइलवर सारखे येतात. त्यांत तथ्य किती? (एक गृहिणी, काणकोण)

उत्तर : या संदेशांचा रोख बहुधा बिल्डरबर्ग बैठकीकडे असतो. मे १९५४ मध्ये नेदरलँड्समधील ज्या हॉटेलात ती पहिल्यांदा भरली, त्याचेच नाव तिला मिळाले. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील सुमारे १३० जण तिला बोलावले जातात. तेथे ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली हे उघड करायचे नाही, या लंडनच्या चॅटम हाउस संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाने चर्चा चालते. अलीकडे निमंत्रितांची यादी आणि चर्चेचे विषय प्रसिद्ध केले जातात. ठराव, मतदान किंवा धोरणाचे निवेदन तेथे नसते. जगाचा कारभार एका खोलीतून चालत असता, तर ऊर्जामंत्र्यांना गोव्यात सात परिच्छेदांवर अडून बसण्याचे कारणच उरले नसते.

परंतु ताई, आपल्या शंकेतला एक भाग आम्हाला रास्त वाटतो. मंत्री आणि मोठ्या कंपन्यांचे प्रमुख पत्रकारांच्या गैरहजेरीत बोलतात, तेव्हा लहान शेतकरी, मच्छीमार आणि कामगार त्या खोलीत नसतात. हाच आक्षेप घेऊन २००१ मध्ये ब्राझीलच्या पोर्तु आलेग्रे शहरात, दावोसची बैठक चालू असतानाच, 'वर्ल्ड सोशल फोरम' भरवण्यात आला. २००४ मध्ये तो मुंबईत गोरेगावला भरला, तेव्हा जगभरातून हजारो कार्यकर्ते तेथे आले होते. पुढे दावोसनेही आपल्या बैठकीच्या आठवड्यात सर्वसामान्यांसाठी 'ओपन फोरम' नावाची खुली सत्रे सुरू केली. त्यांना ओळखपत्र लागत नाही आणि मुख्य परिषदेतलीही बरीच सत्रे आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.