मॉरिशसला यायचं ठरतंय, तर आधी हे वाचा

तुमचा प्रश्न असा : यजमानांना एबेन या कार्यालयांच्या शहरातल्या एका कंपनीत लेखापालाची नोकरी मिळालीय, मुलगी पाचवीत आहे, आणि 'मॉरिशस म्हणजे छोटा भारतच, जुळवून घ्यायला काय लागतंय' असं सगळे सांगताहेत. तर घर कुठे घ्यावं आणि शाळेचं काय?

ताई, मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून स्पष्टच सांगते. ते 'छोटा भारत' आधी डोक्यातून काढा. साडेबारा लाखांच्या या देशात सुमारे दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत, हे खरं. १८३५मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १८३४पासूनच गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, जहाजं यायला लागली होती. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, काही तमिळ, तेलुगू आणि आपल्या कोकणातलीही. त्या मराठी माणसांचे वंशज आज आरत्या तोंडपाठ म्हणतात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण घरात ते क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, आणि पाच-सहा पिढ्यांपूर्वी सुटलेल्या गावाशी त्यांचं नातं आपल्याला वाटतं तसं नसतं. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा आपला लाडका प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. ते मॉरिशियन आहेत, बस्स.

भाषेचा घोळ समजून घ्यायचा तर थोडा इतिहास लागतो. डच आले आणि १७१०मध्ये निघून गेले. मग फ्रेंचांनी बेट वसवलं. १८१०मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, पण फ्रेंच कायदे आणि भाषा तशाच राहू दिल्या. त्यामुळे आज संसद इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात आणि बाजार क्रिओलमध्ये. घरभाड्याचा करार फ्रेंचमध्ये हाती पडला तर दचकू नका, कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मगच सही करा. क्रिओल मात्र शिकाच. 'की मान्येर?' म्हणजे 'कसं काय?' एवढं आलं तरी भाजीवाली मोकळेपणाने बोलायला लागते.

आता घर. बेट ज्वालामुखीतून झालेलं, मधला भाग उंच पठाराचा. क्युरपीप साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे पाऊस आणि धुकं इतकं, की कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. मुंबईच्या पावसाची सवय असली तरी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, स्वेटर घालून बसावं लागतं. उलट ग्रां बे, फ्लिक आं फ्लाक ही किनाऱ्याची गावं उबदार आणि सुंदर, पण भाडी पर्यटकांच्या हिशेबाने, आणि रोज एबेनला जायचं तर सकाळची वाहतूक जीव काढते. माझं मत विचाराल तर कात्र बोर्न किंवा रोझ हिल बघा. मेट्रो दोन्हीकडे आहे, बाजारही हाताशी. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. इशारे एक ते चार अशा श्रेणीत देतात, तिसरी आली की घराबाहेर पडायचं नाही. जानेवारी २०२४च्या 'बेलाल' वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या होत्या, तेव्हा सखल भागातलं घर नकोच.

सरकारी शाळा मोफत आहेत. वर्गात पुस्तक इंग्रजी आणि गप्पा क्रिओलमध्ये, हे मात्र पाचवीच्या मुलीला जड जाईल. कंपनी फी देत असेल तर खासगी इंग्रजी शाळा बघा, पगाराच्या बोलणीत आत्ताच ते घालून घ्या. नंतर मिळत नाही.

नोकरीची काळजी करू नका. १९६८मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळा भार साखरेवर होता. पुढे कापड, पर्यटन आणि मग वित्तसेवा आली. यजमानांसारख्या लोकांची गरज त्यातूनच निर्माण झाली. महागाई मात्र जाणवेल, कारण ताटातलं बरंच काही जहाजाने येतं. २०२३च्या अखेरीस भारताने कांद्याची निर्यात थांबवली आणि नंतर मॉरिशससाठी १,२०० टनांची खास परवानगी दिली. नाशिकच्या कांद्याची बातमी मी इथे बसून जास्त लक्ष देऊन वाचते!

खाण्याचे हाल होणार नाहीत. रस्त्यावर धोल पुरी मिळते, चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, दोनच्या जोडीने, वर घेवड्याची आमटी आणि मिरचीचा ठेचा. गोडा मसाला, कोकम, मेतकूट घेऊन या. जन्मदाखले आणि लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून ठेवा, इथून ते करणं फार कटकटीचं. आणि सासूबाईंनी दिलेलं कढीलिंबाचं रोप सामानात घालू नका, रोपं आणि बिया परवान्याशिवाय आणल्या तर विमानतळावरच काढून घेतात.