लिनक्सवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याआधी

आधी बॅकअप घ्या, तोही वेगळ्या डिस्कवर. त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवीन इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शनचा पर्याय निवडला की बरंचसं काम इन्स्टॉलरच करतो.

घोळ होतो तो पासफ्रेजपाशी, म्हणजे डिस्क उघडण्याच्या लांब पासवर्डपाशी. बूट होताना ती विचारली जाते तेव्हा कीबोर्डची मांडणी कधीकधी अमेरिकनच असते, आणि टाइप केलेलं दिसत नाही. माझ्या पासफ्रेजमध्ये @ होतं. ब्रिटिश मांडणीत त्याची कळ वेगळी, अमेरिकन मांडणीत २ च्या डोक्यावर. अर्धा तास मला वाटत होतं, सगळा डेटा गेला! म्हणून चिन्हं टाळा. एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट होते ती लक्स या पद्धतीने. डिस्कची खरी किल्ली लक्सच्या हेडरमध्ये, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या छोट्या भागात असते, पासफ्रेज फक्त ती किल्ली उघडते. लक्स २ चा हेडर सहसा १६ एमबीचा, पण तो बिघडला तर अख्खी डिस्क गेली, पासफ्रेज पाठ असूनही. क्रिप्टसेटअप या कमांडने त्याची प्रत काढून दुसरीकडे जपून ठेवा. एक राखीव पासफ्रेजही जोडून ठेवा, ३२ पर्यंत जागा असतात. मात्र पासफ्रेज बदललीत तर हेडरची जुनी प्रत नष्ट करा, जुनी पासफ्रेज तिच्यातून अजूनही चालते.

स्वॅपही, म्हणजे रॅम कमी पडली की वापरला जाणारा डिस्कचा भागही, एन्क्रिप्टेड हवा. आणि लॅपटॉप बाहेर नेताना नुसता स्लीपवर ठेवू नका, पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये किल्ली रॅममध्येच राहते.