बर्फात पळायला स्नोशूज कोणते घ्यायचे?

प्रश्न: मी मिनियापोलिसला असते, वजन 60 किलो. उन्हाळ्यात जवळच्या लेबनन हिल्स पार्कच्या ट्रेल्सवर पळते पण हिवाळ्यात ट्रेडमिलचा जाम कंटाळा येतो, म्हणून यंदा स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घ्यायचं ठरवलंय. दुकानात वजनाचा चार्ट बघून 25 इंची हायकिंगवाले सुचवले. त्यात पळता येईल का?

उत्तर: चालता येईल, पळायला वैताग येईल. तो चार्ट असतो ताज्या भुसभुशीत बर्फात पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्यांसाठी, आणि मांडीभर बर्फात तसंही कोणी पळत नाही हो, तुम्ही पळणार ते लोकांनी आधीच तुडवलेल्या वाटेवर, तिथे छोटे स्नोशूज पुरतात. लांबीपेक्षा रुंदी बघा. रुंद असले की पाय फाकवून पळावं लागतं, नाहीतर एकाची कड दुसऱ्या घोट्यावर बसते (आणि ती लागते बरं का, चांगलीच!). पळायचे साधारण 7-8 इंच रुंद, 21 ते 25 इंच लांब, मागे निमुळते असतात, काहींत डावा-उजवा पण वेगळा असतो. जोडीचं वजन सव्वा किलोच्या आसपास, हायकिंगवाले दोनच्या घरात जातात, आणि तो फरक दर पावलाला उचलायचाय.

दुकानदार सहसा बोलत नाही ती गोष्ट म्हणजे बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला बांधून ठेवणारी जोडणी. हायकिंगवाल्यांत बरेचदा पुढे पिव्हट (बिजागरीसारखा फिरणारा सांधा) असतो, पाय उचलला की मागचं टोक खाली लोंबतं, चढावर ते बरं पण पळताना फरफटतं. पळायला पट्ट्याचं ताणलेलं बाइंडिंग घ्या, त्यात मागचं टोक पायाबरोबर वर येतं. तोटा एवढाच की बर्फ उडून थेट पाठीवर, म्हणून जॅकेट वॉटरप्रूफ नसलं तरी बर्फ झटकणारं हवं. खाली दात पंजाखाली आणि टाचेखाली दोन्हीकडे आहेत ना ते उलटं करून बघा, फक्त पुढे असतील तर उतारावर घसराल.

बूट तुमचे नेहमीचे ट्रेलवालेच, लोकरीचे मोजे आणि वर गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून घोट्याभोवती घालायचं कव्हर). दुकानात जाताना तेच बूट न्या आणि बाइंडिंग हातमोजे घालून लावून बघा, थंडीत उघड्या बोटांनी पट्टे ओढायला मजा येत नाही.

पुढे रेसचा विचार असेल तर अमेरिकेतल्या स्नोशू असोसिएशनच्या नियमात किमान 120 चौरस इंच क्षेत्रफळ लागतं, अगदी चिमुकले उचलू नका. आणि वाट दगडासारखी घट्ट झाली असेल तर स्नोशूज घरीच ठेवा, बुटांवर मायक्रोस्पाइक्स (बुटावर ताणून बसवायचे छोटे धातूचे काटे) चढवले की झालं, खर्चही कमी. माझं मत विचाराल तर आधी एक-दोनदा भाड्याने घेऊन पळा, वेगाकडे बघू नका, तो कमी होणारच. फक्त स्कीवाल्यांच्या आखलेल्या ट्रॅकवरून जाऊ नका, ते भयंकर चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे.