सिल्व्हर शॅडो घेताय? आधी ब्रेक तपासा

जुन्या गाड्यांबद्दल येणाऱ्या पत्रांत सध्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोबद्दल सगळ्यात जास्त विचारणा असते. इंग्लंडमधल्या क्रू शहरातल्या कारखान्यात 1965 ते 1980 या काळात बनलेली ही सलून, म्हणजे बंद छताची गाडी. जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोर केलेली’ असं वाचून लोक टोकन द्यायला निघतात आणि आदल्या रात्री मला विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ही एकत्र उत्तरं.

1972 ची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून विकायला आहे. हे बरोबर आहे का?

केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे हो, कारण तिला 50 वर्षं उलटून गेली आहेत. मात्र ती मूळ स्वरूपात असायला हवी.

विक्रेता म्हणतो, बॉडी चॅसिसवरून उतरवून सगळं काम केलंय. विश्वास ठेवू का?

नको. या सलूनला वेगळी चॅसिसच नाही. बॉडी आणि सांगाडा एकच असलेली ही पहिली रोल्स. त्यामुळे पत्रा सडला की गाडीची ताकदच जाते. दाराखालचे सिल आणि मागच्या चाकांवरच्या कमानी चुंबक लावून बघा. चुंबक धरत नसेल तर तिथे पुट्टी भरलेली आहे. रंग देण्याआधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो मागा. ते नसतील, तर गाडी रॅम्पवर घेऊन जाणकाराकडून खालून तपासून घ्या. चकचकीत रंगाला पैसे मोजू नका.

गाडी मूळची रोल्सच आहे हे कसं ओळखायचं?

उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या रोल्स सलूनचा चॅसिस नंबर ‘एसआरएच’ने सुरू होतो, बेंटले नावाने विकलेल्या याच गाडीचा ‘एसबीएच’ने. शंका असेल तर इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअॅस्ट्स क्लबकडे जुन्या नोंदी आहेत, तिथे विचारा.

आमचा मेकॅनिक म्हणतो, कुठलंही ब्रेक ऑईल चालेल. दुसरा म्हणतो, हिरवं मिनरल ऑईल टाका. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून सविस्तर सांगतो.

शॅडोची हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बेतलेली आहे. इंजिनवरचे दोन पंप तेल प्रचंड दाबाने गोलाकार अॅक्युम्युलेटरमध्ये (नायट्रोजन भरलेल्या, दाब धरून ठेवणाऱ्या टाक्यांत) साठवतात आणि त्या दाबावर ब्रेक लागतात. गाडीची मागची उंची सांभाळणारी यंत्रणाही त्यावरच चालते. या पंपांना वंगण मिळतं ते त्याच तेलातून. म्हणून कंपनीने खास आरआर 363 हे तेल ठरवून दिलं. साध्या ब्रेक ऑईलमध्ये तो वंगणाचा अंश नसतो, पंप झिजतात. मिनरल ऑईल तर त्याहून वाईट. ते 1980 मध्ये आलेल्या सिल्व्हर स्पिरिटसाठी आहे. शॅडोत ओतलं की रबरी सील फुगतात, आणि मग सगळी यंत्रणा उघडून प्रत्येक सील बदलण्याशिवाय इलाज नाही. दोन्ही गाड्या रोल्स, म्हणून तेलही एकच, असा तर्क करणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका.

घेण्याआधी उभ्या गाडीवर एक चाचणी करा. इंजिन सुरू करून ब्रेकच्या दाबाचे दोन्ही दिवे विझू द्या, पाचेक मिनिटं चालू ठेवा. मग इंजिन बंद करून इग्निशन चालू करा आणि पेडल दाबत मोजा. चांगल्या गाडीत बराच वेळ दिवा लागत नाही. मोजक्या दाबांतच लागला, तर अॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन गेलेला आहे. रबरी होजेस (नळ्या) कधी बदलले, त्याचं बिल मागा. ‘गाडी उभीच होती, काही झिजलेलं नाही’ हे ऐकून खूश होऊ नका. हे तेल उभ्या गाडीतही ओलावा शोषतं आणि ब्रेकचे कॅलिपर (चाकाची डिस्क दाबून धरणारे भाग) आतून गंजतात. चाचणीत पास झाली, तरीही ही यंत्रणा स्वतः उघडून बसवलेल्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका.

मीटरवर फक्त 40,000 मैल आहेत. खरे असतील?

मीटरवर नाही, सर्व्हिसच्या बिलांवर विश्वास ठेवा.

व्हिंटेज नोंदणी करून लग्नाला भाड्याने देता येईल का?

नाही. या नोंदणीवर व्यावसायिक वापर चालत नाही आणि रोजच्या वापरालाही परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. तुमच्या आरसीची स्थिती आरटीओत जाऊन विचारा. एजंटाच्या तोंडी हमीवर पैसे देऊ नका.

मी इंग्लंडमध्ये राहतो. विक्रेता म्हणतो, 40 वर्षांवरच्या गाडीला एमओटी (इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी) लागत नाही. मग तपासणी कशाला?

फारसे बदल न केलेल्या गाडीला ती सूट आहे. पण सूट म्हणजे गाडी ठीक असल्याचा दाखला नव्हे. स्वतःहून एमओटी करून घेता येते, ती करून घ्या. शिवाय शॅडो जाणणाऱ्या गॅरेजचा लेखी अहवालही घ्या.

शॅडो घेतली. चालवताना ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागतो. दिवाळीनंतर दाखवली तर चालेल?

नाही. आजपासून चालवू नका. ट्रकवर चढवून गॅरेजला पाठवा.