वाचकांचे प्रश्न : हेक्स शाफ्ट बेअरिंगमध्ये जात नाही, तेव्हा

प्रश्न : स्पर्धेसाठी रोबोट तयार करताना आम्ही अर्ध्या इंचाचा अ‍ॅल्युमिनियमचा हेक्स शाफ्ट (षट्कोनी दांडा) आणि षट्कोनी छिद्राची बेअरिंगे वापरत आहोत. दोन्ही वस्तू एकाच मापाच्या असूनही शाफ्ट बेअरिंगमध्ये जात नाही. एक बेअरिंग हातोडीने ठोकून बसवले, तर ते आता अडखळत फिरते. शाफ्ट फ्रीजरमध्ये ठेवूनही पाहिला, पण उपयोग झाला नाही. बेअरिंगचे छिद्र कानशीने मोठे करावे काय?

उत्तर : छिद्राला हात लावू नये. बेअरिंगची आतली रिंग कडक केलेल्या पोलादाची असते, त्यामुळे तिच्यावर कानस नीट चालत नाही आणि जो थोडाफार कीस निघतो तो छर्‍यांमध्ये जाऊन बसतो. घासायचे असेल तर ते शाफ्टला. मात्र त्याआधी तो नेमका कुठे अडतो हे शोधावे लागते.

बहुतेक वेळा दोष शाफ्टच्या टोकाशी सापडतो. करवतीने कापलेल्या टोकाला धातूची बारीक बर (खरखरीत उंचवटा) उभी राहते. ती डोळ्यांना दिसत नसली, तरी बोट फिरवल्यास जाणवते. व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) शाफ्ट उघडा धरला असेल, तर जबड्यांचे वळ उमटून तिथला धातू किंचित वर आलेला असतो. म्हणून आधी टोकाच्या सर्व कडांना कानशीने उतार द्यावा, जमल्यास लेथवर द्यावा, आणि सहा उभे कोपरेही अगदी हलक्या हाताने घासून बोथट करावेत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये १२.७ मिलिमीटर अंतर असलेल्या षट्कोनाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप सुमारे १४.६६ मिलिमीटर भरते. छिद्राचे आतले कोपरे मात्र क्वचितच तितके टोकदार असतात, त्यामुळे सपाट बाजूंना जागा असूनही शाफ्ट कोपऱ्यांत अडकू शकतो.

एवढे करूनही तो जात नसेल, तर सपाट बाजूंच्या तिन्ही जोड्या व्हर्निअर कॅलिपरने वेगवेगळ्या मोजाव्यात आणि त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांशी तसेच मध्यभागी मोजाव्यात. तिन्ही मापे तंतोतंत सारखी येतीलच असे नाही, म्हणून शाफ्ट ६० अंशांनी फिरवत सहाही स्थितींत बसवून पाहावा. एखाद्या स्थितीत तो सहज सरकला, तर तिथे खूण करून ठेवावी. शाफ्टवर अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने तयार केलेला ऑक्साइडचा संरक्षक थर) असेल, तर त्याचाही विचार करावा लागतो. या थराची साधारण निम्मी जाडी मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढते, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून शाफ्टचे माप जवळजवळ एका पूर्ण थराइतके वाढते. घट्ट निघालेली बाजू घासताना सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून शाफ्टच त्यावर ओढावा. पेपर हातात धरून घासल्यास बाजू गोलसर होते आणि मग त्याच शाफ्टवरचा गिअर डुगडुगू लागतो.

फ्रीजरचा उपाय का फसला, हे साध्या हिशेबातून कळते. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर आकुंचन पावते. तापमान ४० अंशांनी उतरले, तरी १२.७ मिलिमीटरच्या मापात जेमतेम ०.०१२ मिलिमीटर घट होते, आणि एवढ्याशा फरकाने टोकावरची बर आत जाणार नाही.

मुळात इथे करकचून बसवण्याची गरजच नसते. पिळाचे बळ मोटरकडून चाकाकडे गिअर, शाफ्ट आणि हब (चाकाचा मधला भाग) यांच्यामार्फत जाते. बेअरिंगचे काम शाफ्टला जागेवर धरून मोकळेपणाने फिरू देणे एवढेच असते. त्यामुळे हाताच्या दाबाने सरकणारी बसवणूक पुरेशी असते, आणि स्पर्धेच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात शाफ्ट काढावा लागला की तिचे मोल कळते. थोडा जोर लावायचाच असेल, तर फक्त आतल्या रिंगवर टेकणारी नळी घेऊन प्रेसने सरळ दाबावे. बाहेरच्या रिंगला आधार देऊन शाफ्टवर हातोडी मारली, की तो घाव छर्‍यांमधून जातो आणि त्यांच्या मार्गावर बारीक खळगे पडतात. आपले अडखळणारे बेअरिंग बहुधा असेच बाद झाले आहे, ते बदलावे.

प्रश्न : शाफ्ट प्रत्येक बेअरिंगमध्ये स्वतंत्रपणे जातो, पण बेअरिंगे बसवलेल्या दोन्ही पट्ट्या जोडल्यावर दुसऱ्या बेअरिंगपाशी अडतो. असे का होते?

उत्तर : आधी दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग बोटाने फिरवून तिचे कोपरे शाफ्टच्या कोपऱ्यांशी जुळवावेत; घाईत ही गोष्ट हमखास राहून जाते. तरीही शाफ्ट अडला, तर पट्ट्यांची छिद्रे एका रेषेत नाहीत असे समजावे. अशा वेळी पट्ट्यांचे बोल्ट ढिले करून शाफ्ट ओवावा आणि मग ते थोडे थोडे, आळीपाळीने आवळत प्रत्येक टप्प्यावर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. एकाच शाफ्टवर तिसरे बेअरिंग शक्यतो टाळावे, कारण तीन छिद्रे एका रेषेत आणणे दोनांपेक्षा पुष्कळ कठीण असते. सरकता शाफ्ट आडवा निघून येऊ नये म्हणून टोकांना कॉलर (शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या कड्या) लावावेत, आणि कॉलर किंवा स्पेसर (अंतर राखणारी नळी) आतल्या रिंगलाच टेकेल इतक्या लहान व्यासाचा निवडावा. तो बाहेरच्या रिंगला घासला, तर नीट बसवलेले बेअरिंगही जड फिरते.